ज्यानं लावलंय त्यानंच यावं

कोलशेत, ८ सप्टेंबर

दादूस,

नमस्कार वगैरे शेवटी लिहीन, तोवर राग उतरला तर.

फोन करायचा नाही, आपल्या घरात फोनवर कुणाला बोलता येत नाही, सगळे ओरडतातच, काय असेल ते लिहून पाठवायचं, हा तुझा नियम. व्हॉट्सअ‍ॅपवर तू आम्हाला सगळ्यांना ब्लॉक केलंस. वहिनीला मध्ये घालायचं नाही, असंही जाताना बजावलंस. दोन वर्षं मी एक ओळ लिहिली नाही. सख्खा भाऊ डोंबिवलीत राहतो आणि त्याला पत्र लिहायचं, ही मला चेष्टाच वाटायची. आता लिहितेय कारण माझं अडलंय. वहिनीच्या पार्लरच्या पत्त्यावर कुरियर करतेय, तिला म्हणावं उघडून वाचलंस तरी चालेल.

मला हैदराबादला नोकरी लागलीय. औषधांची कंपनी आहे, तपासणी विभागात. दिवाळी झाली की हजर व्हायचंय. बाबांना सांगितलं, तर ते पेपर खाली न ठेवताच 'जा' म्हणाले. आई पण 'जा' म्हणाली. वर डोळे पुसून लाडू कुठले करून देऊ तेही विचारलं. आणि मग भांडी घासता घासता हळूच म्हणाली, "मंग बाय, टीव्ही कोन लावल?"

हसू नको. मी पण हसलेले, आणि मग रात्रभर तळमळत पडले.

तू गेलास तेव्हाचं घर आता नाही. शेजारच्या पाटलांनी पण जागा दिली, तिथे टॉवरचं काम चाललंय. काकू गेल्या, त्यांच्या कोंबड्या गेल्या, दुपारी ओट्यावर बसून वाल सोलणाऱ्या सगळ्या बाया कुठल्या कुठल्या फ्लॅटमध्ये गेल्या. बाबा सकाळी गावकीच्या कामाला बाहेर पडतात ते दिवे लागल्यावर येतात. एवढ्या तीन मजल्यांत आई एकटी. ती टीव्ही बघते कुठे? हॉलमध्ये टीव्ही चालू असतो आणि ही स्वयंपाकघरात बोंबील साफ करत असते. 'घरान मानसाचा आवाज पायजे,' एवढंच तिचं म्हणणं.

आणि तो आवाज लावता येतो फक्त मला. तुझ्या कृपेने. टीव्ही, त्याच्या खालच्या कपाटात अँप्लिफायर, सेट-टॉप बॉक्स, डीव्हीडीचा डबा, आणखी एक कसलातरी डबा, पाच स्पीकर, एक वूफर आणि चार रिमोट. त्यातून रिमोट कामाचेच नाहीत. त्या दसऱ्यापासून एकानेही कपाटातलं काही चालू होत नाही. रोज सकाळी ऑफिसला निघण्याआधी मी गुडघ्यांवर बसून, मोबाइलचा टॉर्च लावून, कपाटात डोकं घालून एकेक बटण हाताने दाबते. क्रम चुकला की निळा पडदा. मग आई ऑफिसात फोन करते, "बाय, निला पडदा आयलाय." मी प्रयोगशाळेतून तिला बटणं सांगते, ती भलतंच दाबते, आणि मग दिवसभर घर मुकं.

त्या दसऱ्याचं मी काढणार नव्हते, पण आलंच आहे तर लिहिते. आत्याच्या नयनच्या हळदीचा व्हिडिओ बघायला सगळं गणगोत जमलेलं. सोनं वाटून झालं, वड्या वाटून झाल्या, तू रिमोट घेऊन उभा राहिलास आणि काही म्हणजे काही लागेना. मग तू कपाट उघडलंस, वायरी उपसल्यास, एकदा भोंग्यासारखा आवाज आला आणि तोही बंद. तेव्हा बाबा सगळ्यांसमोर म्हणाले, "सगल्या गावाचे हल्दीला बाजा वाजवतो, नि बापाचे घरान मुका डबा लावतो." लोक हसले. तू दुसऱ्या दिवशी वहिनीला घेऊन गेलास. साउंडवाल्या माणसाला असं बोलल्यावर काय वाटत असेल ते मला कळतं, दादूस. पण दोन वर्षं?

वहिनीचं स्टेटस मी बघते. डोंबिवलीत तू लोकांच्या घरी जाऊन हेच काम करतोस ना? परवा कुठल्यातरी आजींच्या हातात एक रिमोट, आणि तू शेजारी दात काढून. परक्यांच्या आज्यांना शिकवतोस. आपली आई दोन वर्षं निळा पडदा बघतेय.

एक रविवार ये. बाबा नसताना ये हवं तर. तासाभराचं काम आहे. आईला लावता आलं की मी सुटले.

राग उतरला नाही, पण नमस्कार.

कृतिका


कोलशेत, १५ सप्टेंबर

दादूस,

तुझं उत्तर मिळालं. एवढ्याशा चिठ्ठीला कुरियरचं एवढं मोठं पाकीट कशाला वापरलंस? 'मी येणार नाही. कपाटाचा पुढून आणि मागून फोटो पाठव.' संपलं. आईची चौकशी नाही, माझ्या नोकरीचं अभिनंदन नाही. खाली वहिनीने बारीक अक्षरात 'अभिनंदन गं' लिहिलंय, म्हणून जीव थंड झाला.

फोटो छापून आणलेत, सोबत आहेत. मागून काढताना कपाट पुढे ओढलं आणि नेमके बाबा आले. दोन वर्षांत ते त्या हॉलमध्ये बसलेले नाहीत, तुला माहीत नसेल. आले की सरळ आतल्या खोलीत जातात, जेवतात पण तिथेच. त्या दिवशी दारातच थांबले आणि म्हणाले, "त्याला हात नको लावू."

मी म्हटलं, बाबा, आईसाठी सोपं करतेय.

"नको करू. ज्यानं लावलाय तोच येऊन करल."

मी म्हटलं, तो येत नाहीये.

"बिगरलाय तवर येल," म्हणाले आणि आत गेले.

मला आधी वाटलं, नेहमीचा आडमुठेपणा. मग वांगी चिरता चिरता लक्षात आलं आणि सुरी तशीच हातात राहिली. मागच्या वर्षी मी खोपटहून दुरुस्तीवाला आणलेला, त्याला त्यांनी ओट्यावरूनच परत पाठवलं. नयन म्हणाला मी नवीन बसवून देतो, तर नयनशी महिनाभर बोलले नाहीत. तो माणूस ते बिघडलेलं जपतोय, दादूस. एकदा ते नीट झालं की तुला बोलवायला कारण उरणार नाही. 'ये' एवढं म्हणायला तोंड उघडत नाही, म्हणून आईला गप्प घरात बसवलंय आणि मला कपाटात डोकं घालायला लावलंय.

आणि तिकडे तू. 'मी येणार नाही, फोटो पाठव.' एकाच मातीचे दोघं! तुमच्या दोघांच्या मध्ये मी किती दिवस गुडघ्यांवर बसायचं ते सांगा.

आईला मी विचारलं, तुला काय वाटतं, हे सगळं काढून टाकून साधा टीव्ही ठेवूया का? ती म्हणाली, "नको गो बाय. विकीनं लावलाय." मग थोड्या वेळाने म्हणाली, "तू जा हैद्राबादला. मी बसन अशीच." हे 'अशीच' तिने इतक्या साध्या आवाजात म्हटलं की मी संडासात जाऊन रडले.

काल ऑफिसच्या बाईंनी विचारलं, हैदराबादला घर शोधलंस का? मी शोधतेय म्हणाले. काही शोधत नाहीये. रात्री जाहिराती उघडते आणि मग आईचा निळा पडदा आठवतो की बंद करते. तू बाकी काही करू नको, पण फोटो बघून नीट, सविस्तर, माणसासारखं लिही. बाबांचं मी बघते.

कृतिका


कोलशेत, २१ सप्टेंबर

दादूस,

चार पानं! तुझं अक्षर अजून शाळेतल्यासारखंच आहे. पण समजावलंस चांगलं, हे मान्य करावं लागेल. बाबा खडवलीला धाकूमामाकडे दोन दिवस गेलेले, तेवढ्यात उरकलं.

तू म्हणालास तसं सगळ्यात आधी जे कुणी वापरत नाही ते काढलं. डीव्हीडीचा डबा गेला. तो दुसरा डबा म्हणजे तुझं जुनं मिक्सर निघालं, ते कशाला ठेवलेलंस? मागच्या वायरी मोजूनच चक्कर आली, त्यातल्या निम्म्या कुठेच जात नव्हत्या. नुसत्या पडलेल्या, एक टोक डब्यात आणि दुसरं हवेत. आता बॉक्सची वायर अँपला, अँपची टीव्हीला, आणि स्पीकरच्या आहेत त्या तशाच. मागच्या दोन स्पीकरवर आईने क्रोशाचे रुमाल घातलेत आणि वूफरवर तांदळाचा डबा ठेवलाय. रुमाल काढले, डबा ठेवला. कारण डबा हलवला तर ती मलाच हलवेल.

मग ती सेटिंग. बॉक्स चालू झाला की मागोमाग अँप आणि टीव्ही आपोआप चालू व्हायचे, आणि बॉक्स बंद की सगळं बंद. तू लिहिलेलं नाव त्या यादीत कुठे नव्हतंच, दुसऱ्याच नावाने लपलेलं, पण सापडलं. अँपला आवाजाची वरची हद्द घालून ठेवली. आईने मागे एकदा चुकून वाढवलेला तेव्हा टॉवरच्या कामावरचे मजूर बघायला आलेले.

रिमोट एकच ठेवला, बॉक्सचा. त्याच्यावर तीन बटणं उघडी ठेवून बाकीच्यांवर इलेक्ट्रिकची काळी टेप. चालू-बंदला लाल टिकली चिकटवली, आईच्याच पाकिटातली. आवाजाला दोन हिरव्या. चॅनेलचं काय, म्हणशील. तिला चॅनेल बदलायचाच नसतो, एकच लागतो. बदलायचा असेल तेव्हा नंबर दाबायला शिकवीन.

आणि रिमोट चालायला लागला. का ते विचारू नको. चालायला लागला, एवढं पुरे. तू लिहिलंस तसा आतला बोर्ड वगैरे गेलेला नव्हता.

आईने पहिल्यांदा हातात धरला तेव्हा टीव्हीकडे उलटा धरला. मग सुलटा. लाल टिकली दाबली आणि सगळं एकदम उजळलं, आवाज आला, कुठलीतरी सून कुणालातरी ओरडत होती. आई दचकून मागे सरकली आणि मग लहान पोरीसारखी खुदकन हसली. बंद केला. चालू केला. परत बंद केला. "मी लावला," म्हणाली, "मीच लावला ना गो?" ऑफिसला उशीर झाला तरी मी तिथेच उभी होते.

तुला हे लिहिताना मला खूप आनंद व्हायला हवा. होतोय पण. पण काहीतरी टोचतंय आणि ते लिहिता येत नाहीये. पुढच्या पत्रात बघू. बाबा आज संध्याकाळी येतायत.

कृतिका


कोलशेत, २६ सप्टेंबर

दादूस,

मागच्या पत्रात मी लपवलं. पाच रात्री नीट झोपले नाही, त्यापेक्षा सांगून टाकते. आधी शपथ घे की हे आईच्या कानावर जाणार नाही. घेतलीस? मग पुढे वाच.

तू कपाटाला दारं लावलीस, डबे आत कोंडलेस, आणि रिमोट चालावा म्हणून तो छोटा काळा डोळा टीव्हीच्या खाली बाहेर चिकटवलास. शर्टाच्या बटणाएवढा. त्याच्या वायरी आतल्या डब्यांच्या डोळ्यांवर चिकटवलेल्या, म्हणून दारं उघडली तरी डब्यांना रिमोट दिसायचा तो त्या एका डोळ्यातूनच. तुझं सगळं मशीन आत, आणि बाहेर दिसायला तेवढाच.

दसऱ्याला आई काय करते ते तुला माहीत आहे. विळी, कोयता, मिक्सर, शिलाई मशीन, बाबांची गाडी, सगळ्याची पूजा. तुझ्या मशीनचीही करायची होती, विकीच्या कामाचं हत्यार आहे म्हणून सगळ्यात आधी. कपाट तर बंद. मग बाहेर जे दिसतं त्यालाच तिने हळदकुंकू लावलं. ओल्या हळदीचं चांगलं जाड बोट, वर कुंकू. बरोबर त्या डोळ्यावर.

संध्याकाळी तू रिमोट घेऊन उभा राहिलास तेव्हा तो डोळा आंधळा होता. सगळं घर हळदीकुंकवाने भरलेलं, झेंडूच्या माळा, त्यात तो एक ठिपका कुणाला दिसणार? तुलाही दिसला नाही. आणि दसऱ्याचं कुंकू आपल्यात कुणी पुसत नाही. आईने दोन वर्षं टीव्ही पुसला तो त्या ठिपक्याच्या कडेकडेने. मागच्या दसऱ्याला त्याच्यावर आणखी एक बोट दिलं.

मी टीव्हीखालची वायर टेपने चिकटवत होते, नखाला ते कवच लागलं आणि टपकन पडलं. खाली चकचकीत काळं. रिमोट दाबला आणि सगळं लागलं. स्वयंपाकघरातून आईने ओरडून विचारलं, "लागला?" मी म्हटलं, लागला. ते कवच मी मुठीत धरलं आणि तुळशीत टाकलं.

म्हणजे तुझ्या मशीनमध्ये काही खोट नव्हती. तुझ्या कामात नव्हती. तू दोन वर्षं मनात काय घेऊन बसला असशील त्याचा मला अंदाज आहे, म्हणून हे तुला कळायलाच हवं होतं. आणि तिला कधीच कळता कामा नये. तुझ्या भरभराटीसाठी लावलेलं बोट होतं ते. तिला समजलं तर ती परत कुठल्या वस्तूला हात लावणार नाही.

बाबांना मात्र समजलंय. माझ्या तोंडून गेलं. खडवलीहून आल्यावर तीन दिवस त्यांना पत्ताच नव्हता, कारण ते हॉलमध्ये येतच नाहीत आणि आवाज रोजचाच. मग परवा त्यांनी आईला रिमोटने बंद करताना बघितलं. आई देवळात गेल्यावर जो काही आवाज चढला! "कोनाला इचारून उघरलास? मी सांगितलेला ना, त्यालाच करू दे!" मी पण त्यांचीच मुलगी. मी म्हटलं, त्याने केलेलं नीटच होतं, बाबा, तुम्ही चारचौघांत मुका डबा म्हणालात तो मुका नव्हता. आणि सगळं सांगितलं. एका दमात.

ते खुर्चीत बसले. हॉलमधल्या. मला वाटलं आता माझ्यावर येतील. बराच वेळ त्या काळ्या डोळ्याकडे बघत राहिले. मग आईबद्दल एकच विचारलं, "गोदाला म्हाईत हाय?"

नाही, म्हटलं.

"सांगू नको," म्हणाले.

रात्री जेवले नाहीत. आईला वाटलं पित्त झालं.

आता तू काय करणार आहेस ते तू ठरव. मला या घरात बसवत नाहीये. रोज कुणाच्या तरी तोंडाकडे बघून गप्प राहायचं, मला जमत नाही ते.

कृतिका


कोलशेत, ३ ऑक्टोबर

दादूस,

तुझं उत्तर नाही. काल दसरा झाला, काल तरी येशील असं वाटलेलं. गेटचा आवाज झाला की मी खिडकीत.

आता नियम कुणी मोडला ते ऐक. वहिनीने मोडला. तिचा मला फोन आला. म्हणाली, तू परवा बाइक घेऊन निघालास, इथून पंधरा मिनिटांवर, खोपटच्या डेपोपाशी चहा प्यायलास, तासभर तिथेच बसलास आणि परत डोंबिवलीला. तिने विचारलं का परत आलास, तर म्हणे, 'काय म्हणून जाऊ? सगळं तर चालतंय.'

वा! म्हणजे चूक माझीच झाली. मी ते तसंच ठेवायला हवं होतं.

कालचं सांगते. सकाळी आईने ताम्हनात हळद कालवली आणि लक्षात आलं, आता हे बोट परत त्या डोळ्यावर जाणार. मला हे सुचलंच नव्हतं. ती विळी करून, मिक्सर करून हॉलकडे निघाली. मी पुढे झाले, आई, मी करते. "चल, तुला जमत नाय नीट," म्हणाली. आई, मशीनला ओलं लागू नये. "दर साल लावतंय, काय झाला?" आता काय सांगू? आणखी एक शब्द बोलले असते तर तिने माझ्या तोंडाकडे बघितलं असतं, आणि माझं तोंड तुला माहीत आहे, त्यात काही राहत नाही.

तेवढ्यात आतून बाबा आले. अंघोळ करून, धोतर नेसून. तिच्या हातातलं ताम्हन घेतलं. "मी करतो यंदा," म्हणाले.

आई बघतच राहिली. लग्न झाल्यापासून त्यांनी स्वतःच्या गाडीची पूजा केलेली नाही. ते टीव्हीपुढे उकिडवे बसले, गुडघे दुखतात तरी. कपाटाची दारं उघडली. आत हात घालून अँपच्या डोक्यावर, मागच्या बाजूला, जिथे काही नाही तिथे, हळदीचं बोट लावलं. वर कुंकू. मग फूल ठेवलं. मग हात जोडले आणि जोडलेलेच ठेवले. आई मला हळूच म्हणाली, "यांना काय झाला गो?" मी म्हटलं, मला काय माहीत.

पूजा झाल्यावर ते उठले नाहीत. तिथेच बसून आईला म्हणाले, "लाव बगू तुझा." तिने लाल टिकली दाबली. मालिका सुरू झाली आणि बाबा दोन वर्षांनी त्या हॉलमध्ये बसून टीव्ही बघत होते. एक अक्षर कळत नव्हतं त्यांना त्यातलं.

मी तिकीट काढलंय. घरही बघितलंय, एका मुलीबरोबर खोली. तू भाऊबीजेला येशील का विचारणार होते, पण नाही विचारत. विचारून विचारून मला कंटाळा आलाय.

कृतिका


हैदराबाद, १६ नोव्हेंबर

दादूस,

हे पत्र कुरियरने पाठवत नाहीये. पान लिहून झालं की फोटो काढून वहिनीच्या फोनवर टाकणार. तुझा नियम मी पण मोडला. दोन दिवस थांबायला वेळ नाही.

माझं बरं चाललंय. इथे जेवण तिखट आहे, मला ते चालतं. काम आवडतंय. पहिल्या आठवड्यात दर तासाला मोबाइल बघायचे, आईचा फोन आला का, निळा पडदा आला का. आला नाही. मीच संध्याकाळी करायचे तर ती घाईत, "मालिका चाललीय, मागून कर." मला हायसं वाटायचं, आणि राग पण यायचा. दोन्ही. खोलीतली मुलगी म्हणाली, तू घरची खूप काळजी करतेस. मी म्हटलं, आता कुणी करू देत नाही.

आज दुपारी बाबांचा फोन आला. त्यांनी मला आजवर कधी फोन केलेला नाही, नेहमी आईच्या फोनवर मागून ओरडतात. मला वाटलं आईला काही झालं.

म्हणाले, "कृते, जेवलीस?"

जेवले, म्हटलं. काय झालं बाबा?

"काय नाय." मागे टीव्हीचा आवाज येत होता, चांगला मोठा. मग म्हणाले, "एक इचारायचा व्हता. त्या मशीनची कंची वायर काढली तं ती फक्त विकीलाच लावता येल?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि मी जिन्यात जाऊन बसले.

दादूस, अशी वायर त्या घरात आता एकही नाही. मीच उरू दिली नाही. आता तिथलं काहीही निघालं तरी नयनही येऊन लावेल. पण हे मी त्या माणसाला कसं सांगणार? आयुष्यात पहिल्यांदा त्याने मला काहीतरी विचारलं होतं. मी म्हटलं, टीव्हीच्या मागे आहे बघा, जाड काळी, मधली.

"ती त्यालाच येल ना लावता?"

हो, म्हटलं. फक्त त्यालाच.

त्यांनी फोन ठेवला नाही. कानाला धरूनच उठले, कण्हत वाकले, काहीतरी खडखडलं, आणि मागचा आवाज मधेच बंद झाला. स्वयंपाकघरातून आई ओरडली, "काय झाला वो? लाइट गेली?" आणि बाबा तिला म्हणाले, "बिगरला. विकीला सांगावा लागल."

मग मला म्हणाले, "त्याला तू सांग. माजा नाव नको सांगू."

मी सांगितलं नाव. मला ते जमत नाही, तुम्हाला दोघांना माहीत आहे.

आई आत्ता त्या गप्प घरात बसलीय आणि तिला वाटतंय की तिच्याच हातून काहीतरी बिघडलं. मला दोनदा फोन करून म्हणाली, "मी फक्त लाल दाबला बाय, दुसरा काय नाय दाबला." तिला मी काय सांगू? तू आज निघ. बाइकने ये, रिक्षाने ये, पण खोपटला चहाला थांबू नको. बाबा घरीच आहेत, गावकीच्या बैठकीलाही गेले नाहीत. वहिनीला घेऊन जा.

आणि जाताना तुझी हत्यारांची पिशवी घे. काही लागणार नाही, पण खांद्याला असू दे.

कृतिका